पालथी खुर्ची

सोफ्यांच्या दुकानात भांडायचं असेल तर एक सोय असते. बसायला जागा कमी पडत नाही. शनिवारी दुपारी शटर अर्धं खाली ओढून सगळं घर दुकानात जमलं आणि ज्याने त्याने आपापल्या स्वभावाप्रमाणे गिऱ्हाइकाचा एकेक सोफा पकडला. काकांनी अर्थातच डॉक्टरीणबाईंचा नवाकोरा चामडी सोफा घेतला, तोही आधी रुमाल अंथरून, कारण त्यांच्या इस्त्रीच्या पँटला फोमचा भुगा लागलेला त्यांना खपत नसे. टाचणीची आई शिलाई मशीनवरून उठलीच नाही. तिने फक्त मशीन बंद केलं आणि तिच्या मते ती मोठीच सवलत होती. टाचणीचे वडील स्प्रिंगा निघालेल्या एका दिवाणाच्या कडेला टेकले. कुठल्याही प्रश्नाला 'बघू' एवढंच उत्तर द्यायची त्यांची ख्याती, त्यामुळे अख्खा बाजार त्यांना बघू म्हणायचा. काकू गल्ल्यामागच्या उंच स्टुलावर होती, जिथे ती लग्न झाल्यापासून होती. आणि मधोमध आजोबा, ज्यांना मुलं-सुना अण्णा म्हणत, ते उभेच होते. मालकाने गिऱ्हाइकाच्या वस्तूवर बसू नये असा त्यांचा नियम होता, जो त्यांच्याशिवाय कुणीच पाळत नसे.

"तर मुलीला कॉम्प्युटरमध्ये जायचंय," काकांनी सुरुवात केली. "जाऊ दे. जमाना त्याचाच आहे. पण जायचं तर ऐटीत जावं. हायवेवरचं ते काचेचं कॉलेज बघा. लिफ्ट आहे, एसी आहे, गेटवर दोन दोन वॉचमन सलाम ठोकतात."

"सलामाचे पैसे फीत धरलेत की वेगळे?" काकूने विचारलं.

काकांनी बायकोकडे पाहिलंही नाही. इतक्या वर्षांत त्यांना कळून चुकलं होतं की पाहिलं की दुसरा प्रश्न येतो.

"भाऊजी, फी ऐकलीय मी त्यांची," टाचणीची आई म्हणाली. "ह्यांचं फोम कापायचं मशीन विकलं तरी पहिलं वर्ष निघायचं नाही."

"चांगली वस्तू महागच असते. आपण गिऱ्हाइकाला काय सांगतो?"

"गिऱ्हाइकाला सांगतो," काकू म्हणाली. "घरी नाही सांगत."

टाचणी इतका वेळ गप्प होती, आणि टाचणी गप्प बसली की घरातल्यांना जास्त धास्ती वाटायची. बघूंची ही एकुलती एक लेक. नाव काहीतरी चांगलंसं होतं, पण लहानपणापासून कुणी बेसावध बसला की हिचा शब्द नेमका टोचायचा, म्हणून टाचणी. शाळा संपली होती, मार्क चांगले होते आणि कुठे जायचं हे तिने कधीच ठरवलं होतं. सगळ्यांनी होकार द्यायचा तेवढा बाकी होता.

"मला बसस्टँडमागच्या सरकारी संस्थेत जायचंय," ती म्हणाली. "फी आपल्याला झेपते. बाबांचं मशीन जागेवर राहतं. आणि तिथे पहिल्याच आठवड्यात सर्व्हर हातात देतात, खोला म्हणतात आणि परत चालू करून दाखवा म्हणतात. मी स्वतः बघून आलेय. मागच्या बॅचच्या मुलांना भेटलेय. सगळी कामाला लागलीत."

"ती पडकी इमारत?" काका हसले. "तिथल्या खुर्च्या बघितल्यास?"

काकांनी हुकमाचा पत्ता टाकला होता.

कारण या घरात कुठलीही गोष्ट खुर्ची पालथी घातल्याशिवाय ठरत नसे. वरचं कापड कुणीही चांगलं लावतो, खाली काय आहे ते बघा, हे आजोबांचं सगळं तत्त्वज्ञान. आत्याचं सासर असंच ठरलं. मुलाकडची मंडळी चहा आणायला आत गेली तेवढ्यात आजोबांनी त्यांचा सोफा उलटा केला, बैठकीखालचे पट्टे ताणून बघितले आणि 'माणसं सरळ आहेत' असा निकाल दिला. आत्याचा संसार आजवर एकदाही करकरला नाही. काकांनी ज्याच्याबरोबर भागीदारी केली त्याच्या ऑफिसातल्या खुर्च्या तेवढ्या बघायच्या राहून गेल्या, आणि पुढे जे झालं ते या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही.

"खुर्च्या तर बघाव्या लागतील," आजोबा म्हणाले. मग जरा घसा खाकरून, कुणाच्याच डोळ्यांत न बघता त्यांनी आपला पत्ता टाकला. "घरबसल्याचाही कोर्स असतो म्हणतात. सकाळी दुकान, दुपारी कॉम्प्युटर. फी त्याहून कमी."

"आजोबा, दुकानात मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला तरी कुणीतरी 'अगं, जरा हे टोक धर' म्हणतं. मी काय शिकणार, टोक धरायला?"

"टोक धरणं सोपं नसतं."

"म्हणूनच दुसऱ्या कुणाला तरी शिकवा ना."

बघूंनी मान खाली घातली, कारण त्यांना हसू येत होतं. आजोबांना मात्र आलं नाही. टाचणीच्या हातात जी सफाई होती ती त्यांच्या दोन्ही मुलांत मिळून नव्हती, आणि ते ही गोष्ट दोन्ही मुलांना अधूनमधून सांगतही असत.

"सोमवारी दोन्ही जागा बघायला जाऊ," त्यांनी फर्मावलं. "पालथं घालू. जी टिकेल ती. दोन्ही नापास झाल्या, तर घरबसल्या. यावर चर्चा नाही."

म्हणजे चर्चा संपली होती. सरकारी संस्थेतल्या खुर्च्या टाचणीने खरंच बघितल्या होत्या.

*

"किती वाईट आहेत?" शटर पुन्हा वर गेल्यावर काकूने गल्ल्यामागून हळूच विचारलं.

"प्राचार्यबाई तिरक्या बसतात. सरळ बसल्या तर स्प्रिंग टोचते."

"आणि पाहुण्यांच्या?"

"पाहुणे उभे राहतात, काकू."

काकूने गल्ला बंद केला. नवऱ्याविरुद्ध कट करायची संधी रोज रोज येत नाही, आणि आली की तिच्या अंगात भलताच उत्साह संचारायचा. पण तेवढंच नव्हतं. काच लावलेल्या गल्ल्यामागून तिने इतकी वर्षं सगळ्यांना काम करताना पाहिलं होतं. तिलाही एकदा हाताने काम करून बघायचं होतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने तसं विचारलंही होतं. तेव्हा सासऱ्यांनी गोड शब्दांत सांगितलं होतं की हातशिलाईची वाकडी सुई या घरात जन्मलेल्यांच्याच हाती जाते, सुनांनी मशीन बघावं, हिशोब बघावा. ती गोड शब्दांची गोळी काकूने तेव्हा गिळली होती. अजून पचली नव्हती.

"उद्या रविवार," काकू म्हणाली. "आपण दोघी पडद्यांचं माप घ्यायला जातोय. कुणाच्या पडद्यांचं ते मी ठरवते."

रविवारी संस्थेला सुट्टी असेल या भरवशावर त्या पोत्यात फोम, पट्टे, कापड आणि खिळे घेऊन गेल्या, तर प्रयोगशाळा उघडी आणि प्राचार्यबाई जागेवर, तिरक्या.

"मुलांना रविवारीच मशीन जास्त वेळ मिळतं," बाई म्हणाल्या. "आणि किल्ली माझ्याकडे असते. तुमचं काय काम?"

टाचणीने बाईंना खरं ते सांगून टाकलं. थाप मारायची तर निदान अर्धी तरी पटेल अशी हवी, आणि पोत्यातून डोकावणाऱ्या फोमच्या लादीला साजेशी थाप तिला सुचेना. आजोबा, खुर्च्या, पालथं घालणं, घरबसल्याचा कोर्स, सगळं सांगितलं. बाई ऐकत राहिल्या. मग त्या उठल्या आणि आपली खुर्ची स्वतःच उलटी करून त्यांनी टाचणीपुढे ठेवली.

"प्रवेशासाठी लाच म्हणून मी हे घेऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "प्रवेश तुला मार्कांवरच मिळेल. पण माझी कंबर फार दिवस दुखतेय, हे मी कुठल्याही चौकशीत शपथेवर सांगेन."

त्या प्रयोगशाळेत निघून गेल्या. टाचणीने बाईंची खुर्ची घेतली आणि पाहुण्यांच्या तीन खुर्च्या काकूपुढे सरकवल्या.

"मी?" काकू म्हणाली. "अगं, मला कुठे..."

"काकू, वेळ नाही. मी दाखवते, तू कर."

काकूने वाकडी सुई हातात घेतली. पहिला टाका बोटात गेला, दुसरा कापडात. तिसऱ्यानंतर ती बोलायचीच थांबली, आणि काकू बोलायची थांबली म्हणजे काय, हे टाचणीला इतकं नवीन होतं की तिने दोनदा वर पाहिलं. संध्याकाळी घरी परतताना काकूची बोटं सुजली होती. पडद्यांचं माप विचारणाऱ्या काकांना तिने इतक्या आत्मविश्वासाने कुठलेतरी आकडे सांगितले की त्यांनी ते लिहूनही घेतले.

*

सोमवारी वरात निघाली ती दुकानाच्या टेम्पोतून. बघू चालवत होते, पुढे आजोबा आणि काका. मागे डॉक्टरीणबाईंचा चामडी सोफा वाटेत पोचवायचा होता, म्हणून त्याच्यावर काकू आणि टाचणी ऐसपैस बसल्या होत्या. टाचणीची आई दुकान सांभाळायला मागे राहिली. तिने जाताना लेकीच्या कानात एवढंच सांगितलं, "काहीही झालं तरी तोंड आवर." हा सल्ला म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे तिलाही माहीत होतं.

काचेच्या कॉलेजच्या गेटवर वॉचमनने टेम्पो अडवला. मागे सोफ्यावर बसलेल्या दोन बायका पाहून त्याने सलाम ठोकायचा की नाही याचा क्षणभर विचार केला आणि टेम्पो सामानाच्या फाटकाकडे वळवायला सांगितलं. काकांचे कान लाल झाले. या कॉलेजात आपण कसे शिरणार याचं चित्र त्यांनी मनात वेगळं रंगवलं होतं. त्या चित्रात टेम्पो नव्हता.

आत मात्र सगळं त्यांच्या मनासारखं होतं. गुळगुळीत फरशी, थंडगार हवा, आणि हसऱ्या चेहऱ्याची प्रवेशविभागातली बाई, जी प्रत्येक वाक्य पाठ केल्यासारखं बोलत होती. भिंतभर काचेमागे संगणकांच्या रांगा लखलखत होत्या.

"ही आमची जागतिक दर्जाची प्रयोगशाळा," ती म्हणाली.

"आत जाता येईल?" टाचणीने विचारलं.

"सध्या बंद आहे."

"मग उघडते कधी?"

"पाहुण्यांची मोठी भेट असली की नक्की उघडतो."

"आणि मुलं?"

बाईचं हसू तसंच राहिलं, पण पाठ केलेलं संपलं असावं. "मुलांना सगळं स्क्रीनवर समजावतात," ती म्हणाली.

"वा," काका पटकन म्हणाले. "हात खराब व्हायला नकोत."

तोवर आजोबांनी खुर्ची उलटी केली होती. खुर्ची नवी दिसावी म्हणून वरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं. त्यांनी खालचं काळं कापड नखाने उचललं, आत बोट घातलं आणि मूठभर फोमचा चुरा बाहेर काढून प्रवेशविभागाच्या टेबलावर ठेवला.

"वरून कीर्तन आतून तमाशा," ते म्हणाले. "पातळ फळी, पिना मारलेल्या, आत कचरा. वर्षभरात बसेल."

"अण्णा, या खुर्च्या तर ते बदलणारच आहेत!" काका कळवळून म्हणाले.

आणि मग काकांना कळलं की हे वाक्य आपण बोलायला नको होतं.

आजोबांनी खुर्ची सरळ केली. "तुला काय माहीत?"

"म्हणजे... असं ऐकलं."

"कुणाकडून?"

काकांनी बघूंकडे पाहिलं. बघूंनी छताकडे. काकूने मात्र नवऱ्याकडे पाहिलं, आणि अगदी प्रेमाने विचारलं, "सगळ्या वर्गांच्या बदलणार आहेत का हो? केवढं मोठं काम असेल नाही? कुणाला मिळणार म्हणे?"

काका तसे वाईट नव्हते. ते फक्त एका दगडात दोन पक्षी मारायला निघाले होते, आणि त्यातला एक पक्षी घरचा होता. कॉलेजच्या व्यवस्थापकांनी त्यांच्या कानावर घातलं होतं की पुतणीचा प्रवेश इथे झाला तर नव्या खुर्च्यांचं काम घरातल्याच माणसाला द्यायला बरं दिसेल. दुकानाचं भलं, मुलीचं भलं, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं आणि त्यांना ते पटलंही होतं. त्यांनी हे सगळं तिथेच, फोमच्या चुऱ्यासमोर, अडखळत सांगून टाकलं.

"म्हणजे भावाचं मशीन विकून पोरीची फी भरायची," आजोबा हळू आवाजात म्हणाले, "आणि ती फी देऊन खुर्च्या विकायच्या. हिशोब कुणी शिकवला रे तुला?"

"गल्ल्यावर मी बसते," काकू म्हणाली. "माझ्यावर आळ नको."

बघू एरवी मोठ्या भावापुढे बोलत नसत. आज ते इतकंच म्हणाले, "दादा, मला विचारायचं तरी." आणि टेम्पोची किल्ली घेऊन बाहेर गेले. काकांना वडिलांच्या रागापेक्षा हेच जास्त लागलं. तिथून निघताना ते पुढे बसायला गेलेच नाहीत. टेम्पोच्या मागे, सोफ्याच्या एका कडेला, रुमाल न अंथरता बसून राहिले, आणि डॉक्टरीणबाईंच्या दारात सोफा उतरवताना त्याचं जड टोक त्यांनी न सांगता उचललं.

*

सरकारी संस्थेच्या पायऱ्या चढताना आजोबांना बरं वाटत होतं. मोठ्या मुलाचा राग आला होता, पण एक कॉलेज नापास झालं होतं आणि दुसरं बाहेरूनच नापास दिसत होतं. भिंतीचा रंग उडालेला, नोटीसबोर्डची काच तडकलेली. अजून एक खुर्ची, की मग घरबसल्या. नात दुकानात राहील. कुणाचं मन दुखवायला नको, खुर्चीच काय ते सांगेल.

प्राचार्यबाईंनी उठून स्वागत केलं. आजोबांनी सरळ मुद्द्याला हात घातला. "बाई, तुमची खुर्ची जरा बघू का? आमची एक पद्धत आहे."

"जरूर," बाई म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

आजोबांनी खुर्ची पालथी घातली आणि ते चकितच झाले. पट्टे ताठ, एकाआड एक विणलेले. कापडाच्या घड्या कोपऱ्यावर अशा बसवलेल्या की बोट फिरवलं तरी अडत नव्हतं. असं काम आता बाजारात कुणी करत नाही, त्यांना वाटलं. मग त्यांचं बोट शिवणीवर आलं आणि थांबलं. टाके डावीकडे झुकले होते.

उजव्या हाताने शिवणाऱ्याचा टाका तसा झुकत नाही. त्यांच्या ओळखीत असा एकच हात होता. त्या डाव्या हाताला धरता यावी म्हणून त्यांनी स्वतः एक कात्री वाकवून, घासून तयार केली होती, ती मुलगी टेबलाएवढीही उंच नव्हती तेव्हा. ती मुलगी आता दाराशी उभी राहून चपलेच्या अंगठ्याकडे बघत होती.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. आजोबांना आधी हसू आलं, मग राग आला, आणि मग अभिमान वाटला. इतकं सुंदर काम तिने दुकानात कधीच केलं नव्हतं. ते तिने इथे केलं होतं, दुकानातून सुटण्यासाठी. हे कळलं तेव्हा त्यांना फार वाईट वाटलं.

पण त्यांनी खुर्ची सरळ केली. "ही झाली तुमची," ते म्हणाले. "मुलं बसतात त्या कुठायत?"

टाचणी आणि काकूने एकमेकींकडे पाहिलं. तिथवर त्यांचा फोम पुरला नव्हता.

प्रयोगशाळेत दाटीवाटीने मुलं बसली होती. टेबलांवर उघडी मशीनं, तारांचे गुंते, आणि एकाचंही लक्ष दाराकडे नाही. आजोबा जवळच्या मुलीपाशी गेले. "बाळ, जरा उठतेस? खुर्ची बघायचीय."

"दोनच मिनिटं हं, आजोबा," ती मान वर न करता म्हणाली. "हे चालू होतंय. आता उठले तर सगळं पहिल्यापासून."

कुणी आजोबांना थांबवलं, असं फार वर्षांत झालं नव्हतं. ते थांबले. काळ्या पडद्यावर अक्षरं सरसर उतरत गेली, मुलीने "आलं!" म्हणून टेबलावर थाप मारली, आजूबाजूच्या चौघांनी वळून पाहिलं, आणि मग तिने उठून खुर्ची दिली.

बैठक नव्हतीच. जुन्या नेटवर्कच्या केबली, निळ्या आणि करड्या, चौकटीवर आडव्या-उभ्या घट्ट विणल्या होत्या. आजोबांनी त्यावर मूठ दाबली. बैठक जेमतेम वाकली आणि परत वर आली.

"हे कुणी केलं?"

"आम्हीच. खुर्च्यांना पैसे मंजूर होत नाहीत, केबली मात्र ढीगभर निघतात. आधी दोनदा तुटली. मग कळलं की ताण सगळीकडे सारखा हवा."

आजोबांनी ती खुर्ची उलटी केली, सुलटी केली, पुन्हा उलटी केली. मग शेजारची. मग तिच्या शेजारची. काकांनी एकदा घड्याळाकडे बघितलं, पण बोलायची त्यांची हिंमत नव्हती. शेवटी आजोबा परत प्राचार्यबाईंच्या खोलीत आले.

"बाई, तुमची ही खुर्ची कुणी भरली?"

बाई पुन्हा खिडकीबाहेर बघू लागल्या. टाचणीने तोंड उघडलं, पण काकू आधी बोलली. "मी."

"तू?" आजोबा हसले. "तू डावरी कधी झालीस?"

काकाही हसले. त्यांना हसायची फार गरज होती. काकूचा चेहरा लाल झाला. आजोबा नातीकडे वळले.

"दुकानात असं काम का नाही केलंस कधी?"

"दुकानात मला एवढं काही हवं नव्हतं, आजोबा," टाचणी म्हणाली. बोलल्यावर तिला वाटलं, हे जरा जास्तच टोचलं. ती पुढे होऊन म्हणाली, "फसवायचं नव्हतं तुम्हाला. म्हणजे फसवायचंच होतं. पण तुम्ही खाली बघणार आणि आत वाईट दिसणार, हे मला सहन होत नव्हतं. तुम्हीच शिकवलंय ना ते."

"घरबसल्याचं मी उगाच काढलं," आजोबा म्हणाले. "कोर्स कसा असतो मला ठाऊकही नाही. तू जाऊ नयेस एवढंच मला वाटत होतं. तुझ्यासारखा हात मला परत मिळायचा नाही." मग त्यांनी माल पसंत पडल्यावर म्हणायचे तसं बाईंच्या टेबलावर बोट आपटून म्हटलं, "घेतली."

"काय घेतलं?" बाईंनी विचारलं.

"संस्था. तुमच्या खुर्चीवर नाही हं. त्या तारांच्या खुर्च्यांवर."

टाचणी रडतेय की हसतेय हे बघूंना कळेना. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "फी कुठे भरायची?" काकांनी एवढ्यात संधी साधून बाईंना विचारलं की बाकीच्या खुर्च्यांचं कोटेशन पाठवू का, आणि आजोबांनी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं.

सगळे टेम्पोत चढले. आजोबा पुढे बसले, दार लावलं. आज त्यांना एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटत होतं. दुकानातली वाकडी सुई आता खिळ्याला नुसती टांगलेलीच राहणार, असं काहीतरी ते बघूंना सांगतही होते.

काकू मात्र चढली नव्हती. ती खाली, त्यांच्या खिडकीशी उभी होती.

"अण्णा," ती म्हणाली, "बाईंच्या खोलीतली तुम्ही एकच खुर्ची पालथी घातलीत."

"मग?"

"त्या खोलीत अजून तीन आहेत. त्या मी केल्यात." तिने सुजलेली बोटं पदरात लपवली आणि पुन्हा बाहेर काढली. "त्या कोण बघणार?"

मागून काका काहीतरी म्हणायला गेले. टाचणीने त्यांच्या पायावर पाय दिला.

आजोबांनी सुनेकडे पाहिलं. मग दार उघडून ते उतरले, आणि पुन्हा त्या पायऱ्या चढून आत गेले. काकू बाहेरच राहिली. तिच्याने आत जाववेना. उघड्या खिडकीतून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, मग दुसरी, मग तिसरी.

"सूनबाई!" आतून आजोबांचा आवाज आला, दुकानात कारागिरांवर ओरडताना असायचा तसाच. "इकडे ये आधी! हा कोपरा कसला शिवलायस? उसव, आणि माझ्यासमोर परत कर!"

या घरात आल्यापासून काकूच्या हातच्या कामात चूक काढण्याएवढंही कुणी तिला मोजलं नव्हतं. ती धावतच आत गेली.